जोड

दोन पेले भरते ओगुलगेरेक,
एक स्वतःला, एक माझ्या थर्मामीटरला.
गोम्बादहून दीड तास आत,
कुडाला टेकून रचलेल्या पऱ्हाट्या,
आणि वारा असा, की फॉर्मची पानं
माझ्याआधी तोच उलटतो.

पंचाहत्तर अंशांना विचारायचं: इतका गरम पिता?
नाही म्हणाल्या तर सत्तरला, मग पासष्टला.
सत्तरपर्यंत आम्ही पोचलोच नाही.
फुंकर न घालता तिनं घोट घेतला,
म्हणाली, "याहून थांबलीस
तर त्यात भांडी विसळावीत."

बावीस पानं.
पाणी विहिरीचं की नळाचं. दात किती उरले.
अफू?
दाराकडे बघून, "कधीमधी. गुडघ्यांना."
गुडघ्यांना, मी लिहिते.

तिच्या नावाचा अर्थ 'मुलगा हवा'.
चौथ्या मुलीला आमच्यात असं नाव पडतं.
मीही तुर्कमेन, मला विचारावं लागत नाही.
नावापुढे क्रमांक घालते;
तेहरानात मग क्रमांकच वाचतात.

"पण मला कुठे काय झालंय?" ती विचारते.
म्हणून तर.
प्रत्येक रोग्यामागे आम्हाला लागतं
त्याच गावचं, त्याच वयाचं एक धडधाकट माणूस.
"तुम्ही बीबीजेमालची जोड."

ती मागाकडे बघते.
"ते काय आज झालं? एकतीस वर्षं
डावीकडची फुलं तिची, उजवीकडची माझी."

जेमालला आधी भाकरी अडली.
भाकरी सोडली, तर भात अडला,
मग शोरबा, मग साधं पाणी,
शेवटी आपलीच थुंकी ती रुमालात घ्यायची.
डॉक्टर म्हणाले, गाठ आहे.
तिला हसू आलं म्हणे:
जन्मभर दुसरं केलं काय मी?

"किटली एकच होती गं, मागाशेजारी.
चहा तोच, भाकरी तीच.
मग तिलाच का?"
हे मला माहीत असतं
तर पिशवीत थर्मामीटर कशाला असता?

आता गोळी.
शेंगदाण्याएवढी, आत दाबलेला स्पंज,
शेपटीला दोरा.
गिळण्याआधी ती दोरा चिमटीत धरते,
उजेडात फिरवते.
"पीळ बरा आहे. रंग नाही दिला?"

मग सात मिनिटं.
दोरा ओठांतून बाहेर, टोक गालाला चिकटवलेलं,
बोलायचं नाही.
ती माझ्या घड्याळाकडे बघत बसली,
मी तिच्या बोटांकडे;
ती मांडीवर काहीतरी विणत होती.

ओढताना डोळ्यांत पाणी येतं.
येतंच, सगळ्यांना. ठसका, चूळ,
आणि बाटलीत तो फुगलेला, मळकट स्पंज.
ती जवळून बघते.
"एवढंच?
नवी सून होते तेव्हा रुमालाचं टोक दातांत धरून वावरायचे,
सासऱ्यासमोर शब्द निघू नये म्हणून.
सहा वर्षं.
तेव्हा कुणी घड्याळ लावलं नव्हतं."

अहवाल चांगला आला.
तरी जोड सुटत नाही, दर वर्षी एक फोन.
खरं तर प्रश्न एकच असतो: आहात ना?
तो तसा विचारायचा नसतो,
म्हणून मी तब्येतीपासून सुरू करते.

यंदा म्हणाली,
"चहा निववून पिते. कडू काढा लागतो."
किती अंशांवर?
"मला काय ठाऊक, थर्मामीटर तू घेऊन गेलीस."

गालिचा?
"डावीकडे सुनेला बसवलंय.
गाठ सैल पडते तिची.
आणि बोलते! सकाळपासून तोंडाला खळ नाही."
मागून कुणाचं तरी हसू ऐकू आलं.
"बोलू दे," म्हणाली,
आणि फोन ठेवून दिला.